सव्वीस इंची नळी

राजाभाऊ सबनीस सरकारी बांधकाम खात्यातून हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले त्याला तेरा वर्षं झाली, पण त्यांची मोजायची खोड काही निवृत्त झाली नाही. कलिंगड घरात आलं की आधी त्याचा घेर मोजायचा, मग सुरी. बायकोच्या शिवणाच्या डब्यात टेप सापडली नाही की ती राजाभाऊंच्या खिशात आहे हे प्रभाताई न विचारता ओळखत. अशा माणसाने घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यायचं मनात आणलं, तेव्हा बंदूक राहिली बाजूला आणि आधी प्रश्न उभा राहिला तो तिच्या नळीच्या लांबीचा.

बंदूक मनात यायला कारण झालं समोरच्या विंगमधल्या चोरीचं. दिल्लीत मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत भरदुपारी चोर शिरले. घरची मंडळी लग्नाला गेली होती. चोरांनी टीव्ही नेला, पितळी नळ नेले, आणि जाताजाता फ्रिजमधलं श्रीखंड संपवून रिकामा डबा सिंकमध्ये ठेवला. "निदान डब्यात पाणी तरी घालून ठेवायचं," एवढंच प्रभाताई म्हणाल्या.

पण बातमी गुरुग्रामला पोचली, आणि त्याच संध्याकाळी मुलाचा, उन्मेषचा, फोन आला.

"बाबा, बस्स झालं आता. दिवाळीच्या आत तुम्ही दोघं इकडे शिफ्ट व्हायचं. इथे गेटवर तीन गार्ड आहेत, लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. तिथे काय आहे यार?"

"इथे मी आहे," राजाभाऊ म्हणाले.

"तेच तर टेन्शन आहे ना!"

उन्मेषचं घर सतराव्या मजल्यावर होतं आणि छान होतं. राजाभाऊ गेल्या वर्षी तिथे चार दिवस राहून आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरून परत आले, तर गार्डने अडवलं, "किसके यहाँ जाना है?" त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. गार्डने फोन लावला. सून संपदा अंघोळीला गेलेली, उन्मेष मीटिंगमध्ये. वीस मिनिटं राजाभाऊ गेटजवळच्या बाकावर बसून राहिले, शेजारी कुणाकुणाची पार्सलं. त्या पार्सलांवर निदान पत्ता तरी होता. हे त्यांनी उन्मेषला कधी सांगितलं नाही, प्रभाताईंनाही नाही, पण तो बाक त्यांच्या मनातून गेला नाही. मयूर विहारमध्ये एकोणतीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. इथे भाजीवालासुद्धा त्यांना "राजाभाऊ" म्हणायचा, आणि तो होता बुलंदशहरचा.

तेव्हापासून एक झालं. उन्मेषने पहिल्यांदा शिफ्ट होण्याची गोष्ट काढली त्या दिवसापासून राजाभाऊंनी घराला हात लावणं सोडलं. बाथरूममध्ये टॉवेलसाठी एक दांडी लावून द्या म्हणून प्रभाताई कधीच्या मागे लागल्या होत्या. "बघू. राहणार की जाणार ते ठरू दे, उगाच भिंतीला भोकं कशाला?" असं म्हणून ते वर्तमानपत्र पुढ्यात धरायचे. ओला टॉवेल दारावरच वाळत राहिला.

आता मात्र काहीतरी करून दाखवणं भाग होतं. राजाभाऊंनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज टाकला. चौकशीला आलेल्या हवालदाराने चहा घेतला, दोन चकल्या घेतल्या, आणि "देखते हैं" म्हणून गेला. फाइल सरकेल तेव्हा सरकेल, आपली तयारी हवी, म्हणून राजाभाऊ मेट्रोने कश्मीरी गेटला जाऊन बंदुकांच्या एका दुकानात पोचले. दुकानदाराचं नाव जयदीप. मनमिळाऊ माणूस, पोट काउंटरला टेकलेलं.

"अंकलजी, दुनाली लीजिए. नाल कितनी लंबी चाहिए?"

"कितने में आती है?"

"बत्तीस, तीस, अट्ठाईस, छब्बीस, चौबीस. बीस इंच से छोटी आम लाइसेंस पर नहीं मिलेगी. लंबी नाल उड़ते परिंदे के लिए, छोटी नाल घर के लिए."

"घर में परिंदे नहीं आते," राजाभाऊ म्हणाले. मग खोटं बोलल्यासारखं वाटून पुढे म्हणाले, "कबूतर आते हैं."

जयदीपने कबुतरांचा विषय वाढवला नाही. "घर में मोड़ कितने हैं?" त्याने विचारलं.

राजाभाऊंना तो माणूस तिथल्या तिथे आवडला. इतक्या वर्षांत घर पाहून कुणी भाव विचारला, कुणी वास्तू विचारली, पण वळणं किती हे विचारणारा हा पहिलाच. जयदीपने कपाटातून एक दुनाळी, दोन नळ्यांची बंदूक, काढून समोर ठेवली. राजाभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बिना लाइसेंस हाथ नहीं लगाऊँगा."

"अंकलजी, मैं बैठा हूँ ना सामने. पकड़के तो देखिए."

"नियम यानी नियम." सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस तो. नळ्यांची मापं तेवढी त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि बंदुकीकडे धड न बघताच ते घरी आले.

येताना हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची प्लास्टिकचा पाइप आणला. करवतीने कापून चार नळ्या तयार झाल्या: तीस, अठ्ठावीस, सव्वीस आणि चोवीस इंच. प्रत्येकीवर मार्करने आकडा. मग घराचा नकाशा निघाला, फुटपट्टी, पेन्सिल, खोडरबर, सगळा जामानिमा. बेडरूमच्या दारातून पॅसेज, पॅसेजच्या टोकाला कोनाड्यात फ्रिज, फ्रिजपाशी काटकोनात वळण, मग हॉल आणि हॉलच्या टोकाला टीव्ही. पॅसेज मुळात बेचाळीस इंचांचा. पण तिथे धान्याच्या डब्यांचं आठ इंची कपाट राजाभाऊंनीच हौसेने करून घेतलं होतं, त्यामुळे उरले चौतीस. आपल्याच हातांनी आपण चोराची सोय करून ठेवली, याचं त्यांना भारी वाईट वाटलं.

रोज दुपारी चार वाजता सराव सुरू झाला. बेडरूममध्ये पलंगावर पडायचं, "चोर!" असं स्वतःलाच सांगायचं, पाइप उचलून निघायचं आणि हॉलच्या दारात पोचून घड्याळ बघायचं. पहिल्याच दिवशी तीस इंचीने फ्रिजवरची लिंबाच्या लोणच्याची बरणी खाली आणली.

"आधी लोणचं वाचवा, मग घर," प्रभाताई फडकं घेऊन खाली बसत म्हणाल्या.

"अगं, म्हणूनच तर चाचणी घेतोय!"

प्रत्येक चाचणीची नोंद वहीत होई. रकाने आखलेले: दिनांक, नळी, सेकंद आणि शेवटी शेरा. खात्यात शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला की साहेब कागद परत पाठवायचे, त्यामुळे रकाना कोरा ठेवणं राजाभाऊंच्या हातून होतच नसे. जे दिसलं ते लिहून टाकायचं. 'तीस इंच. एकोणीस सेकंद. बरणी फुटली. समोर प्रभा.' 'अठ्ठावीस इंच. सोळा सेकंद. फ्रिजला घासली. समोर प्रभा.' चार वाजता प्रभाताई चहा घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जात, कधी बाल्कनीतले कपडे घेऊन आत येत, त्यामुळे वळण घेतलं की नळीच्या टोकाला त्या असायच्याच. राजाभाऊ इमानदारीने लिहायचे आणि पान उलटायचे.

एकदा टोकाला वरच्या मजल्यावरच्या लतिका आल्या. विरजणाला दही मागायला त्या गेली पंधरा वर्षं बेल न वाजवता येत. पाइप रोखून उभे असलेले राजाभाऊ बघून त्यांना काही नवल वाटलं नाही.

"जळमटं काढताय का राजाभाऊ? झालं की वर द्या जरा, आमच्याकडेही बरीच झालीत."

'सव्वीस इंच. अकरा सेकंद. कुठेही लागली नाही. उत्तम. समोर लतिका.'

सव्वीस जिंकली. चोवीस आणखी सुटसुटीत होती, पण ती हातात धरली की राजाभाऊंना आपण लाटणं घेऊन निघालोय असं वाटायचं, आणि शोभेचाही काही विचार करावा लागतो. त्यांनी विजयाने उन्मेषला फोन लावला.

"अकरा सेकंद! चोर टीव्हीपर्यंत पोचायच्या आत मी हॉलमध्ये."

"बाबा, पाइप घेऊन पळणं वेगळं. मी येतो संडेला. मी चोर. माझ्याकडे चावी आहे, अकरा ते बारा कधीही शिरेन. मी टीव्हीला हात लावला, तर दिवाळीला तुम्ही इकडे, नो बहाने. तुम्ही अडवलंत, तर मी पुन्हा हा टॉपिक काढणार नाही. मंजूर?"

एकोणतीस वर्षांचं घर अकरा सेकंदांवर लावायचं म्हणजे जुगारच. पण मागे हटलं तर बाक वाट बघत होता. "लेखी करू," ते म्हणाले. त्यांनी फुलस्केपवर पाच कलमं लिहिली, फोटो काढून पाठवला आणि उन्मेषने "ओके बाबा" लिहून ती मान्य केली. तिसरं कलम असं: 'चोराने टीव्हीस हात लावण्यापूर्वी घरातील व्यक्तीने त्यास रोखल्यास घर राहील.'

शनिवारी संध्याकाळी जयदीपने सव्वीस इंची दुनाळीचा फोटो पाठवला, खाली मापं. राजाभाऊंनी चष्मा पुसून वाचलं, पुन्हा पुसून पुन्हा वाचलं, आणि खुर्चीत बसले.

"काय झालं?" प्रभाताईंनी विचारलं.

"पूर्ण लांबी त्रेचाळीस इंच."

"सव्वीस होती ना?"

"ती नुसती नळी. मागे दस्ता असतो. खांद्याला लावायचा. सतरा इंच." दोन आठवडे नकाशे काढले, चाचण्या घेतल्या, आणि बंदुकीला मागची बाजूही असते हे हेड ड्राफ्ट्समनच्या ध्यानातच आलं नव्हतं. पॅसेज चौतीस, बंदूक त्रेचाळीस.

"मग धरणार कुठे होतात ती?" प्रभाताईंनी विचारलं.

पण लबाडी त्यांच्या रक्तातच नाही. उद्याची परीक्षा खऱ्या मापानेच द्यायची. माळ्यावरून उन्मेषची तिसरीतली क्रिकेटची बॅट निघाली. फळी बरोबर सतरा इंच. मूठ पाइपात घुसवून वरून चिकटपट्टी गुंडाळली. दुनाळी तयार झाली.

रविवारी साडेदहापासून राजाभाऊ बेडरूममध्ये पलंगाच्या कडेवर बसून होते, बॅट मांडीवर. स्वयंपाकघरातून थालीपिठाचा वास येत होता. त्यांना भूक लागली होती, पण चोर येणार म्हटल्यावर खाणं बरं दिसलं नसतं. भिंतीवर उन्मेषच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या, त्यांनीच दर वाढदिवसाला काढलेल्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि इंच. ही भिंत गुरुग्रामला नेता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. हे घर जाऊ नये, इतकंच त्यांना हवं होतं, आणि त्यापुढे बंदूकबिंदूक सगळं झूट होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दारात चावी फिरली.

राजाभाऊ उठले. पॅसेजपर्यंत चार सेकंद, बेस्ट. फ्रिजपाशी वळले आणि थांबले, कारण बॅट धान्याच्या कपाटाला टेकली होती आणि नळी फ्रिजच्या दाराला. पुढे ढकललं, सरकेना. मागे ओढलं, फ्रिजचं दार उघडलं आणि आतला दिवा लागला. हॉलमधून बुटांचे आवाज आले, उन्मेष सावकाश चालत होता, मुद्दाम. राजाभाऊंनी सगळा जोर लावून हिसका दिला. बॅट कपाटापासून सुटली, वरचा पोह्यांचा डबा पडला, आणि ते गर्रकन हॉलच्या दाराकडे वळले.

नळीच्या टोकाला प्रभाताई होत्या. हातात थालीपिठाची ताटली, नळी पदराला टेकलेली. राजाभाऊ जागच्या जागी थिजले.

प्रभाताईंचं नळीकडे लक्षच नव्हतं. त्या खांद्यावरून मागे हॉलमध्ये बघत होत्या.

"उन्मेष! बूट!"

उन्मेष टीव्हीपासून दीड हातावर होता. त्याचा हात पुढे झालेला होता. तो हात खाली आला, उन्मेष वळला, मुकाट्याने दारापाशी गेला आणि उंबऱ्याबाहेर बसून नाड्या सोडायला लागला. एक बूट निघाला आणि मग कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई! यार, चीटिंग आहे हे! मी चोर आहे!"

"चोर असलास म्हणून काय झालं? सकाळीच फरशी पुसलीय."

"मॅच बाबांशी होती!"

"कलम तीन वाच," प्रभाताई ताटली ठेवत म्हणाल्या. "घरातील व्यक्ती. मी काय शेजारची आहे?"

उन्मेषने फोनमध्ये कागद उघडला, वाचला आणि हसत सुटला. एका पायात बूट, एका पायात मोजा, उंबऱ्यावर बसून तो पोट धरून हसत होता. "मान गए! जिंकलात, बाबा!"

बाबा हसले नाहीत. ते पॅसेजच्या तोंडाशी पोह्यांत उभे होते आणि पाइपाकडे बघत होते. मग त्यांनी तो हळूच भिंतीला टेकवला, तोंड जमिनीकडे करून, जणू तो भरलेला होता.

"वही घे," ते उन्मेषला म्हणाले. "टेबलावर आहे. शेरे वाच."

उन्मेषने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, नाटकी आवाजात. "तीस इंच, बरणी फुटली, समोर प्रभा. अठ्ठावीस, फ्रिजला घासली, समोर प्रभा. अठ्ठावीस, बरी, समोर प्रभा." पुढच्या ओळीला नाटक ओसरलं. "सव्वीस, समोर प्रभा. सव्वीस, उत्तम, समोर लतिका. सव्वीस, उत्तम, समोर प्रभा." मग त्याने पान खालपर्यंत बघितलं. लतिकांची ओळ सोडली तर पानभर एकच नाव होतं.

"चोर एकदाही आला नाही रे," राजाभाऊ म्हणाले. "सव्वीस इंची सगळीकडे वळायची. वळून कुणाकडे जाते हे मी रोज लिहीत होतो आणि वाचत नव्हतो. मला बंदूक नको. आणि बंदूक नाही तर माझ्याकडे दुसरं काही नाही. आम्ही येतो गुरुग्रामला."

उन्मेष वही मिटून जवळ आला. "बाबा, मला चोराची भीती वाटतच नाही. तुम्ही दोघं फोन उचलत नाही, तेव्हा वाटते. मागच्या महिन्यात तीन तास उचलला नाहीत. मी ऑफिसातून अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो होतो."

"तेव्हा आम्ही लतिकाकडे हळदीकुंकवाला... म्हणजे ही होती, मी नुसता पोहे खायला," राजाभाऊ पुटपुटले.

"मला कोणी विचारणार आहे का?" प्रभाताई म्हणाल्या. दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले. दोन आठवड्यांत खरोखरच कोणी विचारलं नव्हतं. "चोर मी थांबवला. तेव्हा मी सांगते. आम्ही इथेच राहणार. बाहेरून लोखंडी जाळीचं दार लावायचं. एक चावी लतिकाकडे. रोज सकाळी साडेआठला मी तुला फोन करीन, नाही आला तर तू लतिकाला कर. ती लगेच खाली येईल."

"आणि दही घेऊन जाईल," राजाभाऊ म्हणाले.

"जाऊ दे. दह्याने घर राहत असेल तर स्वस्त आहे. आणि अहो, तुम्हाला तिथे गार्डने बाकावर बसवलं होतं ना, ते मला संपदाने त्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून मलाही जायचं नाही."

राजाभाऊंनी खाली वाकून पोहे भरायला घेतले. उन्मेष दुसरा बूट काढून मदतीला बसला, आणि बसता बसता म्हणाला, "बाबा, ही माझी बॅट आहे ना?"

बुधवारी राजाभाऊंनी परवान्याचा अर्ज मागे घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घर में मोड़ अधिक हैं.' दुपारी जयदीपचा फोन आला तेव्हा ते बाथरूममध्ये स्टुलावर उभे होते, हातात ड्रिल.

"अंकलजी, नाल की लंबाई फाइनल हुई?"

"छब्बीस," राजाभाऊ म्हणाले.

"पक्का?"

"एकदम पक्का. दीवार में लगा रहा हूँ."

राजाभाऊंनी फोन खिशात टाकला आणि चौथं भोक पाडलं. सिमेंटची पूड त्यांच्या बाहीवर पडली. टेप लावून बघितली, दार आणि कोपरा यांच्यामधली भिंत, दोन्हीकडच्या ब्रॅकेटांसह, सव्वीस इंचीला तंतोतंत पुरत होती. पाइप ब्रॅकेटांत बसवला आणि स्टुलावरून उतरून त्यांनी दोन पावलं मागे घेतली. प्रभाताई दारावरचा ओला टॉवेल घेऊन आत आल्या, तो त्यांनी दांडीवर पसरला, दोन्ही टोकं सारखी केली आणि कशी दिसते ते बघत उभ्या राहिल्या.

राजाभाऊ बाहेर गेले, वही काढली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: 'सव्वीस इंच. कुठेही लागली नाही. उत्तम. समोर प्रभा.'